गायके सिस्टरांचा दुसरा पेपर

पेपर गोळा झाला की बाकीचे शिक्षक घड्याळ बघत निघून जायचे. गायके सिस्टर मात्र दार लावून घ्यायच्या आणि तोच पेपर पुन्हा वाटायच्या. "आता चौघीचौघी बसा अन् भांडा. उत्तर एकच लिहायचं, सह्या चौघींच्या."

अंबाजोगाईच्या नर्सिंग शाळेत त्या आम्हाला शिकवायच्या. पहिल्या वेळी बोलायची मोकळीक असूनही आम्ही सवयीनं बाकाखालून चिठ्ठ्याच सरकवल्या. सिस्टरांनी एक पकडली, वाचली आणि थकल्या आवाजात म्हणाल्या, "आगं, तोंड दिलंय ना देवानं? आन् ही चिठ्ठी बी चुकीची हाय."

तो आवाज कायमच थकलेला असे. दुपारपर्यंत वॉर्ड, मग आमचे तास, वर सगळे पेपर दोनदा तपासायचे. प्राचार्यांना हा गोंगाट पटत नसे. "वार्डात एकटीच नर्स काम करत आसती, तर मी बी एकटीचाच पेपर घेतला आसता," एवढंच त्या त्यांना सांगत.

मी वर्गात पहिली, आणि त्याची गुर्मीही होती. माझ्या गटात तेलगावकडची रुक्मिण होती. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे तिच्या शाळेचे निम्मे महिने फडावरच गेलेले. दोन चाचण्यांत ती नापास झाली होती. "ह्या बारीला बी गेले तर आईसंगं कोयता घेते," असं तिनं मला सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या चाचणीत तान्ह्या बाळाच्या औषधाचं गणित होतं. मी पाच मिली म्हणाले आणि चौघींनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी रुक्मिणचा एकटीचा पेपर आमच्या पेपरशेजारी ठेवला. त्यात ती काठावर पास होती. या गणिताला तिनं अर्धा मिली लिहिलं होतं, आणि तेच बरोबर होतं.

"मग गटात कावून बोलली न्हाईस?" सिस्टरांनी विचारलं.

"ती पहिली येती, सिस्टर. मला वाटलं माझंच चुकलं."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तू इचारलं व्हतंस हिला?"

मी विचारलं नव्हतं. पास-नापास एकटीच्या पेपरवर ठरायचं, नंबर मात्र दोन्ही पेपर मिळून. त्या गणिताला गटाला शून्य मिळालं आणि माझा पहिला नंबर गेला. मी रडत तक्रार घेऊन गेले, तर म्हणाल्या, "तुझा नंबर गेला, खरंय. माझ्या डोळ्यापुढं ते बाळ हाय." मला त्यांचा फार राग आला होता. रुक्मिण मात्र त्या अर्ध्या मिलीच्या जोरावर टिकली. पुढच्या पेपरला ती माझ्याशी इतकी भांडली, की सिस्टर खुर्चीत बसून नुसत्या हसत होत्या.

गेल्या महिन्यात सिस्टर गेल्या. दहाव्याला रुक्मिण आष्टीहून आली होती. तिथल्या दवाखान्यात ती आता इन्चार्ज आहे. मी सिस्टरांच्याच जागी शिकवते. साठ मुली, रजिस्टरं, ऑनलाइन भरायची माहिती. पेपर मी एकदाच घेते. पुढच्या वेळी दोनदा घेऊ, असं दर वेळी ठरवते आणि दमून घरी जाते.

स्टँडवर रुक्मिणनं विचारलं, "तू बी घेतीस ना दोनदा पेपर? माझ्यासारख्या पोरी आसतीलच की."

मी हो म्हणाले. तिला बरं वाटलं, आणि ती आष्टीच्या गाडीत चढली.