मधुमतीबाई विंगेतून बाहेर येतात

पडदा वर जातो. लंडनच्या हाउन्सलोमधल्या एका चर्चचा हॉल. डावीकडे एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, उजवीकडे चहाचा थर्मास, आणि मधोमध दोन टेबलं जोडून उभं केलेलं एक साधं स्वयंपाकघर. डोक्यावरून विमान जातं तेव्हा नट आपोआप थांबतात आणि आवाज विरला की पुढचं वाक्य घेतात. हीथ्रोच्या शेजारी नाटक करायचं म्हणजे विमानांशी जमवून घ्यावंच लागतं. आज रंगीत तालीम आहे. स्वयंपाकघराच्या ऐन मध्यावर केअर होममधल्या नोकरीचा निळा डगला घालून मधुमती साळगावकर उभ्या आहेत. त्यांना प्रकाशात बघायची कुणाच्याच डोळ्यांना सवय नाही.

कारण बाईंची जागा विंगेत. गेली तीसेक वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकात त्या प्रॉम्प्टर. नायिका बदलल्या, दोन नायक परलोकी गेले, पण काळोखात स्टुलावर बसून, ओठांवर हात धरून वाक्य पुरवणारा तो आवाज तोच राहिला. एरवी त्या विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्याच्या कारखान्यात कामाला. पहाटेची पाळी, डोक्याला जाळी, हातांत मोजे. ट्रे भरता भरता त्या मनात संवाद म्हणत. नायिकेचे, खलनायकाचे, पोस्टमनचेसुद्धा.

लग्नाआधी सावंतवाडीत त्यांच्याविषयी एकच वाक्य बोललं जाई: "नाकीडोळी नीटस आहे हो, पण..." त्या 'पण'साठी आईने साय आणि डाळीचं पीठ चोळचोळून त्यांची कातडी हुळहुळी केली होती. इंग्लंडात आल्यावर मंडळात पहिल्यांदा नाटकासाठी नाव दिलं, तेव्हा सगळे म्हणाले, आवाज काय सुरेख आहे! आणि त्या सुरेख आवाजाला विंगेत बसवलं. 'पण' कुणी उच्चारला नाही एवढंच.

यंदा मात्र डॉक्टर चंद्रशेखरांनी वेगळंच नाटक काढलं. डॉक्टर म्हणजे मंडळाचे दिग्दर्शक, हॉस्पिटलात भूल देण्यात जन्म गेलेला मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. झिम्बाब्वेत जन्मलेल्या आणि आता स्लाउमध्ये राहणाऱ्या रुडो चिवांगा या लेखिकेचं नाटक त्यांनी एका छोट्या थिएटरात पाहिलं, रडले, आणि महिनाभर खपून मराठीत आणलं. त्यातली आई इथल्या केअर होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. कामावर तिचं नाव कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून तिला मेरी म्हणतात. घरी तिला सगळे तेंदाईची आई म्हणतात. तिचं स्वतःचं नाव घेणारं जगात कुणी उरलेलं नाही. आणि लेक तेंदाई लग्नाआधी चोरून गोरं होण्याचं क्रीम लावते आहे. शेवटच्या प्रवेशात आई लेकीला सिंकपाशी नेते, तिचा चेहरा धुते, आणि आरशात बघून पहिल्यांदा स्वतःचं नाव मोठ्याने घेते.

आईची भूमिका कुणाला द्यायची, यावर डॉक्टर हसत म्हणाले होते, "मधुमतीबाई, उठा! तुमचं पाठांतर तर आहेच. वर जयंताचं अर्धं काम वाचलं!" जयंत मेकअप करायचा. सगळे हसले. बाईही हसल्या. घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. पण भूमिका त्यांनी घेतली. इतक्या वर्षांनी कुणी 'उठा' म्हणालं होतं.

रंगीत तालमीला जयंताने पेटी उघडली. मिशा-टोप चिकटवायच्या स्पिरिट गमचा तो वास हॉलभर पसरला, नाटकवाल्याला भूक लागावी तसा. त्याने एक गडद तपकिरी ट्यूब काढली, एक कुरळ्या केसांचा टोप झटकला.

तेंदाईचं काम करणारी सिया खुर्चीतून उडालीच. तिचा जन्म इथला, आणि रागावली की तिचं मराठी आणखी इथलं होई. "काका, नो वे! हा ब्लॅकफेस आहे! ब्लॅक लोकांची टिंगल करायला असं तोंड रंगवायचे! माझा युनिव्हर्सिटीतली फ्रेंड येणार आहे बघायला. मी मरेन!"

"अगं, अपमान करायला का लावतोय?" डॉक्टर दुखावले. "प्रेमाने करतोय नाटक. राजाला मिशी लावतो, म्हाताऱ्याचे केस पांढरे करतो, तसंच हे."

"इट्स नॉट द सेम, काका!"

"मग प्रेक्षकांना कळणार कसं, या बाया आफ्रिकेतल्या आहेत ते?"

जयंत दोघांकडे बघत ट्यूब हातात घेऊन तसाच उभा. शेवटी त्याने वाद नको म्हणून मधुमतीबाईंना खुणावलं. त्या खुर्चीत बसल्या. ही खुर्ची, आरशाभोवतीचे हे दिवे किती नाटकं दुरून बघितले होते! जयंताने छटा बघायला त्यांच्या मनगटावर एक पट्टा ओढला. बाई त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डगल्याच्या बाहीनेच तो पुसून टाकला.

"मी हे लावणार नाही, डॉक्टर."

इतक्या हळू म्हणाल्या की डॉक्टरांना वाटलं, कुणाला तरी वाक्य पुरवताहेत.

"काय म्हणालात?"

"मी सियाला सिंकपाशी नेणार. 'धू ते, तुझा चेहरा मला बघू दे' म्हणणार. आणि माझ्याच चेहऱ्यावर हे थापलेलं? कुठल्या तोंडाने म्हणू?"

"प्रयोग परवावर आलाय, बाई. दिग्दर्शक मी आहे."

"मग दुसरी आई बघा." त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, कारण त्या हे खरंच सोडायला निघाल्या होत्या आणि त्यांना ते मुळीच सोडायचं नव्हतं. "मी स्टुलावर बसून तिला वाक्यं देईन. पण रंग लावून उभी राहणार नाही."

वरून एक विमान गेलं.

आवाज विरल्यावर डॉक्टर खाली बसले. "जयंताचं काम वाचलं म्हणालो होतो मी. ते लागलं तुम्हाला?"

"लागलं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"भूमिका हवी होती."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जन्मभर लोकांना वेदना होऊ नयेत म्हणून राबलेला माणूस. आपणच न विचारता सुई टोचली, हे कळायला त्यांना जड गेलं. पण कळल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. "जयंता, पेटी मिट. तो टोपही घाल आत, उंदीर मेल्यासारखा दिसतोय. सिया, जागेवर ये. बाई, सिंकपाशी चला."

प्रयोगाला हॉल भरला. रुडो चिवांगा आपल्या दोन मैत्रिणींसह दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. बाईंच्या चेहऱ्यावर फक्त काजळ आणि थोडी पावडर. बाई आफ्रिकेतल्या की कोकणातल्या, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांनंतर कुणाला पडला नाही. सियाचा चेहरा धुताना त्यांनी ओल्या बोटांनी तिच्या भुवया सारख्या केल्या. हे संहितेत नव्हतं. मग आरशात बघून त्यांनी त्या आईचं नाव घेतलं, आणि शेवटच्या रांगेतल्या, थर्मासजवळच्या माणसालाही ते ऐकू गेलं.

टाळ्या थांबल्यावर रुडो स्टेजमागे आल्या. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. मराठी आपल्याला एक अक्षर कळलं नाही, म्हणाल्या, पण ओल्या बोटांनी भुवया सारख्या करणं कळलं. आपली आई हेच करायची, पुढच्या प्रयोगात तसं लिहूनच टाकते. मधुमतीबाईंनी इंग्रजीत थँक यू म्हटलं आणि रुडोंचे हात घट्ट दाबले.

डॉक्टर समोशाची डिश घेऊन आले. "वा, बाई! आता पुढच्या वर्षी काय? पुन्हा स्टूल?"

मधुमतीबाईंनी एक समोसा उचलला, निवांत चावला, आणि म्हणाल्या, "नायिका द्या. वय बसत नसेल तर नाटक बदला."