गळ्याला शिकवलेली भीती

"सर, हृदय उत्तम आहे. बिघडलंय ते शिकणं," जळगावच्या मानसोपचार डॉक्टरबाई म्हणाल्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला हे निदान! मी घाबरलो. हृदय बिघडलं तर उपाय ठरलेले असतात. आजाराचं नाव पॅनिक डिसऑर्डर. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं आणि माणसाला खात्री असते, की तो मरतोय.

सुरुवात झाली धुळ्यात, माझ्या निवृत्तीच्या सत्कारात. मे महिना, पत्र्याचा मंडप. आपल्याकडे मान म्हणजे टॉवेल-टोपी, आणि मान द्यायची संधी कुणी सोडत नाही. प्रत्येक भाऊबंदाने माझ्या गळ्यात आधीच्या टॉवेलवर आपला टॉवेल घातला, वर हार. वक्ते लाउडस्पीकरवरून माझ्यात नसलेले गुण सांगत होते. मी सकाळपासून उपाशी. श्वास अडकला आणि कोसळलो. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, नॉर्मल आला. उन्हाची भोवळ, एवढंच.

तिथंच संपायला हवं होतं. आठवड्याने जळगावात, पिंप्राळ्याच्या घरी अंघोळीनंतर टॉवेल खांद्यावर टाकला आणि छाती धडधडू लागली, हात गार पडले. टॉवेल फेकला. लगेच बरं वाटलं. चूक झाली ती इथं.

मग शर्टाची कॉलर सोसेना. मग सलूनमधलं गळ्याभोवतीचं कापड. केस मानेवर आले. पुढं नुसता लाउडस्पीकर ऐकला तरी घसा आवळायचा. तीनदा रिक्षाने दवाखाना गाठला, तीनदा नॉर्मल म्हणून परत आलो. घरच्यांनी मायेपोटी सगळे टॉवेल लपवले.

डॉक्टरबाईंनी शब्द सांगितला, कंडिशनिंग. दोन गोष्टी एकदा एकत्र घडल्या, मेंदूने त्यांची गाठ मारली. "टॉवेल फेकलात की मेंदू म्हणतो, फेकला म्हणून वाचलो. चुकीचा धडा तुम्ही रोज घोटून घेताय, सर."

उपचार एक्सपोजर थेरपी, म्हणजे भीतीसमोर थांबायचं. बाईंनी माझ्या गळ्यात टॉवेल घातला. अर्धा तास काढायचा नाही. दहाव्या मिनिटाला मी म्हणालो, "बाई, मरतोय मी."

"बसून मरा, सर. मी आहे इथं."

मेलो नाही. पण दुसऱ्या दिवशी तितकीच भीती घेऊन गेलो.

दोन महिन्यांनी शिरपूरला मुलीचं लग्न होतं. व्याहीभेटीत दोघे बाप एकमेकांना हार घालून मिठी मारतात. "नाना, हार नको म्हणून तिकडे कळवू का?" मुलीने विचारलं. होकार ओठांवर आला होता. "नको," म्हणालो, आणि त्या दिवशी जेवलो नाही. मंडपात कोसळलो तर तिच्या लग्नाची तीच आठवण राहणार होती.

व्याह्यांनी हार घातला, मिठी मारली. घसा आवळला. पाय पळायला निघाले. मी हललो नाही.

"नाना, थरथरताय काय?" त्यांनी कानाशी विचारलं.

"भीती वाटतेय." बाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगितलं.

"मी बी घाबरेल शे," ते अहिराणीत कुजबुजले. "इतला लोकेसना समोर मिठी मारानी म्हंजे!"

तेही घाबरले होते, त्यांचे हातही गार होते. तसेच उभे राहिलो. भीती चढली, टिकली, मग आपणहून उतरली.

अजूनही येते ती. तुमची छाती अशी धडधडत असेल तर तपासणी एकदा नीट करून घ्या, मग पळू नका. डॉक्टरबाईंचे उपकार मानतोच, व्याह्यांचेही. शेजारच्या माणसाला सांगून बघा. बरेचदा तोही घाबरलेला असतो.