नायलॉनच आण

नायलॉन पोह्यांच्या चिवड्याचा वास आला की मला वॉटर पार्कचं फाटक आठवतं. वरसेहून पेणला फोन करून मी आईला बजावलं होतं, "नायलॉनच आण, दुसरं आत चालत नाय." माझ्या लेकीला आजीसोबतच घसरगुंडीवरून यायचं होतं. फाटकाशी आई सुती साडीत उभी, हातात चिवड्याचा डबा. "पाण्यात घालायचे कपडे कुठायत?" "कसले कपडे? नायलॉन आणलेत ना गो, डबा भरून!" वॉचमनने साडीलाही अडवलं आणि चिवड्यालाही. आम्ही भिजून परतलो तेव्हा आई सावलीत बसून त्याच वॉचमनला चिवडा वाढत होती. तिला खरंच कळलं नव्हतं, की पाण्यात उतरायचंच नव्हतं? यंदा मी फोनवर स्पष्ट सांगितलं, "नायलॉनचे कपडे." आई म्हणाली, "व्हय, कळलं. चिवडा किती करू?"