मुंगीचा गुडघा

कॉलेजात तिला सगळे मुंगी म्हणायचे. अंगकाठी किरकोळ, पण थांबणं म्हणून ठाऊक नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत आपटली, तरी रक्त पुसायच्या आधी उठून पळत सुटायची. "हिला पळ म्हणावं लागत नाही, थांब म्हणावं लागतं," क्रीडाशिक्षक कौतुकाने सांगायचे.

होस्टेलच्या खोलीत तिच्याबरोबर एक धिप्पाड गोळाफेकपटू मुलगी राहायची. तिचं नाव पडलं होतं म्हैस, आणि ती त्या नावाला खुशाल ओ द्यायची. एकाच हंगामात दोघींच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन एकाच डॉक्टरांनी केलं.

म्हैस धाय मोकलून रडली. मग सांगितलेला व्यायाम तेवढा करायची, दुखलं की बोंब ठोकायची आणि तंगडी उशीवर टाकून घोरायची. मुंगी रडली नाही. फिजिओताईंनी सांगितलेल्याच्या तिप्पट करायची.

"दुखतंय का?" ताई विचारायच्या.

"छे!"

"मग ही सूज कसली?"

"काल जरा जास्त चालले."

पहाटे होस्टेल झोपेत असताना ती जिना चढायची, उतरायची. एकदा म्हशीने तिला पकडलं. "अगं बाई, त्या पायाला जरा दम खाऊ दे की!"

"तुझं बरं आहे. तुला कुठे पळायचंय?"

म्हशीच्या ते जिव्हारी लागलं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

निवड चाचणीच्या दिवशी मुंगी गुडघ्याला पट्टा आवळून मैदानात आली. "डॉक्टर हो म्हणाले?" सरांनी विचारलं. तिने बेधडक मान डोलावली. सरांनाही ती पळायला हवीच होती. त्यांनी कागद मागितला नाही. तिसऱ्या अडथळ्यावरून ती उतरली आणि पाय तिच्याखालून निसटला. या वेळी तिला उठता आलं नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "चालशील. पळणं आता विसर."

आई उशाशी बसली होती. मुंगी छताकडे बघत म्हणाली, "मी कमी पडले गं."

"कमी? लहानपणी तापाने फणफणत शाळेत गेलीस, तर आम्ही पाठ थोपटली. तेव्हाच कान धरून झोपवायला हवं होतं." बोलता बोलता आईलाच रडू फुटलं. लेकीचे डोळे कोरडेच होते.

पुढच्या वर्षी म्हशीने पदक मिळवलं. पहिला फोन तिने मुंगीला केला. मुंगी "अभिनंदन" म्हणाली, आणि त्यानंतर तिचा फोन उचलेनाशी झाली.

आता मुंगी एका औषधांच्या दुकानात काम करते. मालकांनी तिच्यासाठी मुद्दाम स्टूल आणलंय. ती त्यावर औषधांचे खोके ठेवते. दुकान बंद होईपर्यंत गुडघा टम्म फुगलेला असतो. मालक रोज म्हणतात, "रिक्षा बोलावू का?" ती नको म्हणते आणि भिंतीच्या कडेकडेने घरी चालत जाते.