करीचं मटण, पोळ्याचं पुरण

आमच्याकडे पोळ्याला श्रावण संपतो आणि दुसऱ्या दिवशी, करीला, घरोघरी मटण शिजतं. महिनाभर दोडके खाऊन विरक्त झालेले पुरुष त्या सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लावतात. माझ्या सासऱ्यांना रांगेचा तिटकारा. म्हणून यंदा पोळ्याच्या संध्याकाळीच, बैलांची पूजा आटोपताच, त्यांनी ओळखीच्या खाटकाकडून मटण आणलं. श्रावण अजून घरात होता, म्हणून मटण मागच्या दाराने आलं.

सासूबाई माळकरी. मटणाची चूल अंगणात, भांडी वेगळी, फ्रिज मात्र एकच. दर वर्षी मी सासऱ्यांना सांगते, कच्चं मटण झाकणाच्या खोल डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, त्याचं पाणी कशावर गळायला नको. त्यांचं उत्तरही ठरलेलं. "मले शिकवून राह्यली काय? फ्रिज कोनं आनला?" फ्रिज त्यांनीच आणला होता, त्यामुळे त्यातलं सगळं शास्त्रही त्यांच्याच मालकीचं.

यंदा तर गुपित होतं. मटण प्लास्टिकच्या काळ्या पन्नीत, पन्नी जुन्या टॉवेलात, आणि ते गाठोडं वरच्या कप्प्यात पार मागे. टॉवेल कशाला, तर सासूबाईंना दिसू नये. गारव्यालाही ते दिसलं नाही. शिवाय पाहुण्यांच्या पाण्यासाठी फ्रिजचं दार सारखं उघडत होतं.

करीला सासूबाई चुलीकडे फिरकत नाहीत. आदल्या दिवशीचं पुरण आणि दूध, एवढंच त्यांचं जेवण. मी त्यांना पुरण वाढलं आणि दूध काढायला फ्रिजकडे वळले, तर वरच्या कप्प्यातून गुलाबी पाणी ठिबकत होतं. खाली पुरणाचं पातेलं होतं, त्यावरची ताटली सरकलेली.

"आई, थांबा!" मी किंचाळलेच. घास त्यांच्या ओठांपाशी होता.

त्यांनी घास खाली ठेवला, उठून फ्रिजमध्ये पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"रात्री लाइन गेलती," सासरे म्हणाले. वीज गेली नव्हती. पण आमच्या गावात कुठलंही पाप लाइनीच्या नावावर खपतं.

टॉवेल सोडला तर भपकन वास आला. संतापातच मी कुदळ उचलली. मटण आणि पुरण दोन्ही परसात खड्डा करून पुरलं, फ्रिज सोड्याच्या पाण्याने घासून काढला. तोवर सासूबाईंनी आंघोळ करून पिठलं टाकलं, भाकरी थापल्या आणि पहिलं ताट सासऱ्यांपुढे सरकवलं.

"बसा. तुमचा सावन अजून एक दिस चालन."

मला हसू आवरेना. सासरे मान खाली घालून जेवू लागले. मग सासूबाईंनी आपलं ताट घेतलं, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, तोंडापाशी नेला आणि तिथेच थांबून मला हळूच विचारलं, "यात तं काही नाही नं व माय?"

पिठलं त्यांनी स्वतःच केलं होतं.