आधी उचल, मग ओढ
बार्बा येर्को माझ्या दुकानात होडीतल्या खणांसाठी खटके निवडायला सलग नऊ दिवस आला. आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या दर्यावर्दीला, अगदी परक्यालाही, बार्बाच म्हणतात. बेटीना गावात होडीच्या सामानाचं दुकान माझं एकटीचं, त्यामुळे त्याला दुसरीकडे पिटाळायचीही सोय नव्हती. डाव्या हातावर लोकरीचा जाड मोजा चढवायचा आणि त्या बधिर हाताने एकेक खटका दाबून बघायचा, असा त्याचा उद्योग.

“बार्बा, खटके घेताय की मुलगी बघताय?” एकदा मी चिडून विचारलं.

“मुलगी बघून झाली, लुत्से. तिच्याच हातासाठी घेतोय.”

आमच्या होड्यांच्या खणांना मुळात खटके नसतातच. खणाच्या पुढच्या फळीला खाली खाच असते, ती पट्टीवर बसते. आधी उचलायचं, मग ओढायचं. समुद्र कितीही उसळला तरी खण जागचा हलत नाही. येर्कोची बायको स्तोशा चाळीस वर्षं त्यांच्या होडीतून पलीकडच्या बेटांवर ऑलिव्ह तोडायला गेली. तिला इतकी सवय, की माझ्या दुकानातला खणसुद्धा ती आधी उचलायची. मी हसायचे.

आता तिला काही आठवेनासं झालं होतं. घर ओळखू येईना, पोटची मुलगी ओळखू येईना. होडीत पाऊल ठेवलं की मात्र बाई ठिकाणावर यायची. खण उघडून सुरी काढायची, पाव कापायची आणि “येर्को, आधी हात धू” म्हणून दटावायची. तेवढ्यासाठी म्हातारा जगत होता. पण तिची मनगटं सुजली होती, खण उचलताना कळ यायची.

म्हणून हे खटके. होडी कलंडली तरी खण उघडू नये आणि बोट टेकवलं की उघडावा, असे रुंद बटणाचे पितळी खटके शेवटी मीच सुचवले. त्याने अकरा नेले. जुन्या खाचा लाकूड भरून बुजवल्या.

ऑक्टोबरात ऑलिव्हला निघालो, मीही बरोबर होते. स्तोशा खणापाशी गेली आणि उचलू लागली. खण हलेना. तिने पुन्हा उचलून पाहिला, पुन्हा पाहिला.

“इथे दाब गं. हे बघ, बटण,” येर्को म्हणाला.

तिने बटणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“बार्बा, ही आमची होडी नाही,” ती अदबीने म्हणाली. “मला उतरवा. माझा नवरा वाट बघत असेल.”

हात दुखतो एवढंच आम्ही दोघा शहाण्यांनी पाहिलं. तिचं उरलंसुरलं सगळं त्या हातातच होतं, हे सुचलंच नाही. मला आजही स्वतःचा राग येतो.

त्याच आठवड्यात त्याने खटके उपटले, खाचा पुन्हा कोरल्या. पण ती खणाकडे फिरकलीच नाही. पाहुणीसारखी बाकावर बसून राहायची. फेब्रुवारीत गेली.

मग एके सकाळी येर्कोने पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. अकराच्या अकरा खटके, पुसून लख्ख केलेले.

“चांगले आहेत, लुत्से. त्यांचा काही दोष नाही.”

ठेवून द्यावेत म्हणून मी दुकानातल्या खणाला हात घातला.

“आधी उचल,” तो म्हणाला.

माझ्या खणाला खाच नाही. तरी मी उचलला.