तो नावाडी कोण होता

अकरावीत असताना मी आणि माझ्या मैत्रिणीने एका नावाड्यापायी जवळजवळ वर्ष घालवलं. नावाडी खरा नव्हता. कॉम्प्युटरवरच्या एका खेळातला होता, आणि खेळातसुद्धा त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं.

खेळ साधारण असा होता. नदीकाठी एक राज्य, राजा ऐंशीच्या घरातला, त्याचा थोरला मुलगा तीस वर्षांपूर्वी पुरात वाहून गेलेला. आपण जंगलात हिंडायचं, राक्षस मारायचे आणि शेवटी राज्य वाचवायचं. नदी ओलांडायची असली की घाटावर हा पन्नाशी उलटलेला नावाडी उभा असायचा. डोक्याला फडकं, हातात वल्हं. पलीकडे सोडताना तो एखादं वाक्य बोलायचा. त्याची सगळी मिळून अकरा वाक्यं होती. त्यातलं एक मात्र राजघराण्याच्या जुन्या भाषेतलं होतं आणि ती भाषा खेळात राजवाड्याबाहेर कोणालाच येत नव्हती. एवढ्या एका वाक्यावरून जगभरातले लोक इंटरनेटवर भांडत होते. कोणी म्हणे तो राजाचा जुळा भाऊ. कोणी म्हणे माणसाचं रूप घेतलेला ड्रॅगन. बहुतेकांचं म्हणणं, हाच तो वाहून गेलेला राजपुत्र.

कॉम्प्युटर मैत्रिणीच्या भावाचा. तो इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेला आणि तिच्या हाती राज्य आलं. ती घाटकोपर पूर्वेला बिल्डिंगमध्ये राहायची, मी पश्चिमेला डोंगरावरच्या चाळीत. कॉलेज सुटलं की मी रेल्वेचा पूल ओलांडून तिच्याकडे जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या आईने नाव विचारलं. मी नुसतं नाव सांगितलं.

"आणि आडनाव?"

आडनाव सांगितलं. गाव सांगितलं, बुलढाण्याकडचं. "बरं बरं," असं म्हणून त्यांनी ओल्या खोबऱ्याच्या वड्या पुढे केल्या. वड्या झकास होत्या आणि पुढे त्या बाईंनी मला कधी काही कमी केलं नाही. पण त्या 'बरं'च्या आधी त्या क्षणभर थांबल्या. तसं थांबणं मला शाळेपासून ओळखीचं होतं. मैत्रिणीच्या ते लक्षातही आलं नाही. मला हाताला धरून ती आत ओढून घेऊन गेली.

मैत्रीण हट्टी होती. कुठलीही गोष्ट अर्धी सोडणं तिला जमायचंच नाही. एका लांबलचक वहीत आम्ही नावाड्याचे पुरावे लिहायचो. जुन्या भाषेतलं वाक्य. उजव्या हाताच्या बोटावर पांढुरका वळ, म्हणजे तिथे कधीतरी अंगठी असणार. राजाचा ताफा नावेत बसला की तो मान फिरवतो, म्हणजे बाप आपल्याला ओळखेल अशी त्याला भीती. तो वळ नीट बघायला आम्ही त्याला एका दिवसात चाळीस वेळा नदी ओलांडायला लावली.

"बिचाऱ्याचे हात दुखत असतील गं," मी म्हणाले.

"राजपुत्र आहे तो. चालेल."

शेवटी डिक्शनरी जवळ ठेवून आम्ही इंग्रजीत चार पानं लिहिली आणि त्या खेळाच्या फोरमवर टाकली. आमच्या दोघींच्या नावातली अक्षरं एकत्र करून एक विचित्र टोपणनाव घेतलं होतं. तिथल्या लोकांना वाटलं की आम्ही कोणी तरी मुलगा आहोत, बहुतेक तिकडचा, थंड देशातला. आम्ही तो गैरसमज तसाच राहू दिला. आमचं लिखाण गाजलं. लोक आम्हाला प्रश्न विचारायचे, इतरांच्या भांडणात आमचा दाखला द्यायचे. मैत्रीण खुर्चीत गोल फिरत म्हणायची, "यार, आपण फेमस झालो." मला त्यापेक्षा दुसरीच गोष्ट आवडायची. तिथे कोणी पूर्ण नाव विचारत नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला तिचा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीला पंधरा दिवस. मला घरी करमेना. रविवारी सकाळी माझे पप्पा युनिफॉर्मला इस्त्री करत बसले होते. ते अंधेरीला एका सात मजली ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन होते. जुनी, जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट, आत एक स्टूल आणि कोपऱ्यात छोटा पंखा. तिथे ते बावीस वर्षं होते. नववीपर्यंत शिकलेले, पण इंग्रजी चांगलं समजायचं, गुजराती बोलायचे, शेअरबाजारातले शब्द माहीत होते. कुठल्या मजल्यावरचं ऑफिस बंद होणार हे त्यांना तिथल्या लोकांच्या आधी कळायचं. बिल्डिंगमध्ये त्यांच्याबद्दलही गोष्टी होत्या. कोणी समजायचं की हे पूर्वी मास्तर होते आणि काहीतरी भानगडीत नोकरी गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना तर खात्री होती की ते मिलिटरीतून पळून आलेत. पप्पा हे सगळं घरी येऊन सांगायचे आणि आम्ही जेवता जेवता हसायचो.

त्या दिवशी मी त्यांना नावाड्याची सगळी थिअरी सांगितली. ते कॉलरला इस्त्री करत ऐकत होते.

"तो राजवाड्यातल्या लोकांना नेतो का पलीकडे?" त्यांनी विचारलं.

"हो. त्यांना, सगळ्यांनाच."

"किती वर्षं झाली?"

"बरीच. म्हातारा होत आलाय."

"मग त्याला त्यांची भाषा येणारच की, बाळा."

मी म्हटलं, "अहो पप्पा, ती गुप्त भाषा आहे. ते बाहेर कोणासमोर बोलत नाहीत."

"नावाड्यासमोर बोलतात ना? तो कोण आहे त्यांच्यासाठी? नावेचाच भाग." त्यांनी शर्ट उलटा केला. "माणसं बोलत असतात. आपण उभे असतो. बावीस वर्षं उभं राहिलं की दगडालासुद्धा येईल."

"आणि बोटावरचा वळ?"

"वल्हं मारतो म्हणतेस ना? दोरी ओढत असेल."

"आणि राजा आला की मान का फिरवतो?"

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "राजाकडे सरळ कोण बघतं? मोठे साहेब आत आले की मी पण बघत नाही. दरवाज्याकडे बघतो. त्यांना बरं वाटतं. आपल्यालाही बरं वाटतं."

मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. जाळी ओढून ओढून उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांवर घट्टे पडले होते. ते मी जन्मापासून पाहत होते, तरीही कधी नीट बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत मी तासभर बसले आणि एकटीनेच लिहून टाकलं. नावाडी राजपुत्र नाही. नावाडी हा नावाडीच आहे. त्याला जे येतं ते त्याने ऐकून मिळवलंय आणि आपल्याला ते पटत नाही, कारण साध्या माणसाला काही येत असेल असं आपल्याला वाटतच नाही. पप्पांचा उल्लेख केला नाही. दोन दिवस त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. मग कुठल्याशा देशातल्या हॉटेलात वेटरचं काम करणाऱ्या एकाने माझ्यापेक्षा मोडक्या इंग्रजीत लिहिलं की हे बरोबर आहे, मला चार भाषा येतात आणि गिऱ्हाइकांना त्याचा पत्ता नाही. मग अजून काही जण आले. काहींनी मला मूर्ख ठरवलं. आठवडाभर तिथे नुसता धुरळा उडाला होता.

आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला. मैत्रिणीने ते वाचलं.

मी गेले तेव्हा ती दारातच उभी होती. आत ये म्हणाली नाही.

"आपल्या दोघींचं नाव होतं ते," ती म्हणाली. "त्या नावाने तू आपल्याच विरुद्ध लिहिलंस?"

"मला आता ती थिअरी पटत नाही गं."

"मग मला सांगायचं ना आधी. जगाला सांगायच्या आधी मला."

तिचं बरोबर होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं, पण मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "तू ऐकलं असतंस?"

ती रडवेली झाली. "तो साधा नावाडीच निघायचा असेल तर आपण इतके महिने काय शोधत होतो? सगळं असं साधंच असतं का? कोणीतरी काहीतरी निघायला नको?"

तिच्या वडिलांची नोकरी त्याच महिन्यात गेली होती. ते दिवसभर गॅलरीत पेपर वाचत बसायचे, हे मी येता-जाता पाहत होते. त्या दोन गोष्टी जोडायचं शहाणपण माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मी पाठ फिरवून जिना उतरले. महिनाभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. कॉलेजात एकाच बाकावर बसायचो, मध्ये दप्तरं ठेवून.

मग एका शनिवारी संध्याकाळी ती डोंगर चढून आमच्या चाळीत आली. पहिल्यांदाच. धापा टाकत होती. आईने पाणी दिलं, ते पिऊन ती मला म्हणाली, "चल ना जरा बाहेर."

चाळीच्या टोकाशी पाण्याच्या टाकीचा कट्टा होता, तिथे आम्ही बसलो. कसल्याशा कॉम्प्युटर कोर्सची तिची परीक्षा होती आणि सेंटर नेमकं पप्पांच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर निघालं. पप्पांना ती कॉलेजच्या कार्यक्रमात एकदा भेटली होती. लिफ्टमध्ये सहा-सात माणसं होती. पप्पांनी तिला ओळखलं, पण बोलले नाहीत. फक्त विचारलं, "चौथा?"

"आधी मला राग आला," ती म्हणाली. "वाटलं, तू घरी आपल्या भांडणाचं सांगितलं असशील. मग बघितलं तर ते कोणाशीच बोलत नव्हते. दोन माणसं त्यांच्या डोक्यावरून बोलत होती, कोणाला काढायचं, कसं काढायचं. म्हणजे अगदी नाव घेऊन, यार. मला माझे पप्पा आठवले. त्यांच्याबद्दलही कोणीतरी असंच बोललं असेल ना, कुठल्यातरी लिफ्टमध्ये?"

मी तिचा हात धरला.

"पेपर संपल्यावर परत आले तर लिफ्ट रिकामी होती. मग काका बोलले. पेपर कसा गेला, घरी सगळे कसे आहेत, आई कशी आहे. मी म्हटलं, काका, मला एकदा वरपर्यंत न्या ना. सातव्यापर्यंत गेलो, परत खाली आलो. मध्ये साहेब लोक चढले की ते गप्प. उतरले की परत सुरू." ती माझ्याकडे वळली. "ते दरवाज्याकडेच बघतात गं."

त्यानंतर आम्ही त्या विषयावर भांडलो नाही. राजपुत्राची थिअरी तिने सोडली असंही नाही. "दोन्ही लिहून ठेवू," असं म्हणून तिने वहीत माझ्यासाठी चार कोरी पानं सोडली.

खेळाचा दुसरा भाग आला तेव्हा आम्ही डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होतो. एव्हाना तिच्या वडिलांना नवी नोकरी लागली होती, आम्हा दोघींचे क्लास, प्रोजेक्ट, सगळंच वाढलं होतं. तरी पहिल्या आठवड्यातच खेळलो. शेवटाकडे नावाडी डोक्यावरचं फडकं काढतो, मागे गंभीर संगीत वाजतं, म्हातारा राजा गुडघे टेकतो. राजपुत्रच होता. तिचा फोन आला.

"बघितलंस?"

"बघितलं. जिंकलीस तू."

"फालतू आहे गं," ती म्हणाली. "काहीच्या काही. मला अजिबात मजा आली नाही."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू आलं. जेवताना पप्पांना सांगितलं. त्यांना नावाडी लगेच आठवला. घास हातात धरून ते म्हणाले, "राजपुत्र होता? बरं. मग आता नाव कोण चालवणार?" आई म्हणाली, तुमचं जेवण गार होतंय.

पुढे त्या बिल्डिंगला नवी लिफ्ट बसली, मजल्याचा नंबर बोलून सांगणारी. पप्पांना काही वर्षं खाली रजिस्टरपाशी बसवलं आणि मग ते रिटायर झाले. आम्ही मुलुंडला भाड्याने आलो. त्या सामानाच्या घाईत वही कुठे गेली कोणास ठाऊक, मैत्रीण म्हणते तुझ्याकडे होती, मी म्हणते तुझ्याकडे. फोरमही बंद झाला. तो वेटर, ते भांडणारे लोक, सगळे एका दुपारी नाहीसे झाले. मी उशिरा बघायला गेले तेव्हा तिथे कुठल्यातरी बुटांची जाहिरात होती.

मैत्रीण आता बोरिवलीला असते. गेल्या वर्षी पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा लेकीला घेऊन भेटायला आली. पप्पा काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "काका, आता तरी सांगा. त्या लिफ्टमध्ये काय काय ऐकलंत? नावं नका घेऊ हवं तर."

पप्पा हसले. बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "नाही गं. ते त्यांचं बोलणं होतं. माझं थोडंच आहे."

तिने अजून दोनदा विचारून पाहिलं. त्यांनी विषय बदलला, तिच्या लेकीला शाळेचं विचारायला लागले. मी चहा टाकायला उठले तर ती मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मला वाटतं त्यांना खूप मोठं काहीतरी माहितीये."

"झालं तुझं सुरू," मी म्हणाले आणि आल्याचा तुकडा शोधायला लागले.